खानझोड्यांची पथिक

गेल्या आठवड्यात सुनेनं मला मोबाइलवर एक बातमी दाखवली. 'पथिक' नावाची जुनी मोटारसायकल नव्या रूपात परत येणार म्हणे. बातमीत 'असं समजतं', 'असं बोललं जातं' आणि 'कंपनीने दुजोरा दिलेला नाही' याखेरीज काही नव्हतं. पण खाली शे-दोनशे लोक हिरिरीनं भांडत होते. इंजिन केवढं असेल, गिअर पाच की सहा, टाकी जुन्यासारखी गोल की आताच्यासारखी टोकदार. मी चष्मा लावून सगळं वाचून काढलं. मला मोटारसायकलीतलं ओ की ठो कळत नाही. आयुष्यभर स्कूटर चालवली, तीही नाइलाजानं. पण या विषयावरचा सगळ्यात अधिकारी माणूस त्या गर्दीत नव्हता, हे मला लगेच जाणवलं. वासुदेवराव खानझोडे असते तर त्यांनी आधी सगळ्यांना थांबवून विचारलं असतं, "बातमी कोणत्या तारखेची आहे? यानंतरची काही आहे का?"

भोपाळच्या ज्या कारखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं काढली, तिथं माझं काम एका खिडकीमागं बसायचं होतं. ड्रॉइंग इश्यूची खिडकी. कारखान्यात कुठलाही भाग बनवायचा तर आधी त्याचं ड्रॉइंग माझ्याकडून न्यायचं. डिझाइनवाले त्या ड्रॉइंगमध्ये सतत काहीतरी बदलत असत, आणि प्रत्येक बदलाला नंबर असे: रिव्हिजन शून्य, एक, दोन, तीन. ज्याच्या हातात जुनी रिव्हिजन, त्याचं काम वाया. खानझोडे मशीन शॉपमध्ये फोरमन होते. सकाळचा भोंगा विरतो न विरतो तोच त्यांचा चेहरा खिडकीत दिसायचा. उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, खिशात पेन आणि सहा इंची स्टीलची पट्टी. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिलाच प्रश्न असे, "शेवटची आहे ना?"

"शेवटचीच आहे, साहेब."

"आजची म्हणतो मी. कालची नाही."

मी पुण्याकडून नवा आलेलो. मला वाटायचं, या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही. पुढं कळलं की त्यांचा स्वतःवर नव्हता. तरुणपणी एकदा खिडकीपर्यंत चालत यायचा कंटाळा करून त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमधल्या जुन्या प्रिंटवर एक भलामोठा शाफ्ट करायला घेतला होता. मधल्या काळात त्यावरच्या खाचेची जागा चार बोटं सरकली होती. तीन आठवड्यांचं काम भंगारात गेलं. तो शाफ्ट मागच्या आवारात पडून होता, त्याच्याभोवती गवत वाढलं होतं, आणि नवीन पोरं कामाला लागली की खानझोडे त्यांना तिथं नेऊन उभं करत. "हे मी केलं," एवढंच सांगत. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

पण त्या शाफ्टनं त्यांना एक सवय लावली, ती कारखान्याच्या फाटकाबाहेरही सुटेना. लग्नाची पत्रिका आली की ते यजमानांना फोन करून विचारत, तारीख पक्की आहे ना, नंतर काही बदललं नाही ना. एकदा तर माझ्याच मुलाच्या मुंजीला त्यांनी असं विचारलं, आणि माझी बायको दोन दिवस धुसफुसत होती.

टाउनशिपमध्ये, इंद्रपुरीच्या बाजूला, आमची क्वार्टरं शेजारी शेजारी होती. मधे फक्त मेंदीचं कुंपण. खानझोडे मूळचे नागपूरचे. त्यांच्या बायकोचं, शालूवहिनींचं, माहेर परतवाड्याचं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरलं की समोर खुंटीवर दोन हेल्मेटं टांगलेली दिसत, एक मोठं, एक लहान. नवीन पाहुणा साहजिकच विचारे, "कोणती गाडी आहे?" तर गाडी नव्हती. म्हणजे एक म्हातारी स्कूटर होती, तिच्यावर भाजी आणि गॅसचं सिलिंडर येई. हेल्मेटं होती ती पथिकसाठी, आणि पथिक घ्यायची होती.

त्यामागची हकीकत वहिनींनीच एकदा कुंपणावरून सांगितली. खानझोडे त्यांना पाहायला परतवाड्याला आले ते मित्राची मोटारसायकल मागून, भोपाळहून थेट, बैतूलवरून सातपुडा उतरून. अख्खी गल्ली बघायला लोटली. जाताना हे गृहस्थ वहिनींच्या वडिलांसमोर म्हणाले, "लग्न झालं की पहिल्या माहेरपणाला हिला मी याच रस्त्यानं गाडीवर आणीन." मैत्रिणींनी चिडवून बेजार केलं. मग लग्न झालं, आणि पहिलं माहेरपण रेल्वेनं झालं. दुसरंही. भोपाळहून आधी नागपूर, मग बडनेरा, तिथून एस.टी., असा सगळा वळसा घालून.

"आणि मोटारसायकल?" मी विचारलं.

"घेणार आहेत ना," वहिनी म्हणाल्या. "शेवटची रिव्हिजन आली की."

पथिक तेव्हा नुकतीच निघाली होती. लांबच्या प्रवासाची म्हणून बांधलेली, रुंद सीटची, मागं सामानाच्या कड्या असलेली गाडी. खानझोड्यांच्या मनात ती पहिल्या जाहिरातीपासून बसली. पण पहिली म्हणजे रिव्हिजन शून्य, आणि रिव्हिजन शून्यवर खानझोडे काम सुरू करणं शक्यच नव्हतं. त्यांनी एक फाइल उघडली. पथिकबद्दल कुठल्याही मासिकात ओळ आली की ती कापून फाइलला. पहिल्या पानावर त्यांनी आमच्या ड्रॉइंगवर असतो तसा तक्ता आखला होता: रिव्हिजन, झालेला बदल, अपेक्षित बदल, शेरा.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात पोहे-जिलेबीवर बैठक भरायची. कोणी विचारायचा अवकाश, "खानझोडे जी, पथिक का क्या सुना?" की ते फाइल घेऊन बाहेर येत. एकदा मासिकात एक धूसर फोटो आला होता. कुठल्याशा रस्त्यावर अंगभर काळं कापड गुंडाळलेली मोटारसायकल, खाली प्रश्नचिन्ह. आम्हाला तो पाऊस पडताना झाकून ठेवलेला पाण्याचा पंप वाटला. खानझोड्यांनी खिशातली पट्टी काढून फोटोतल्या चाकाचा व्यास मोजला, खऱ्या चाकाशी प्रमाण काढलं, आणि अर्ध्या तासानं मान वर केली.

"मागची सीट दीड इंच लांब झाली आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा कापत होता. "शालू, ऐकलंस का? दीड इंच!"

"ऐकलं," आतून आवाज आला. "जिलेबी संपली आहे."

पुढच्या वर्षी ती गाडी बाजारात आली. सीट तेवढीच होती, टाकीवरचा पट्टा मात्र लालचा निळा झाला होता. खानझोड्यांनी तक्त्यात शेरा लिहिला, 'ही रिव्हिजन नाही. रंगरंगोटी आहे.'

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण कुणाला खरोखर पथिक घ्यायची असली तर तो यांच्याकडेच येई. साखळी केव्हा ढिली पडते, उन्हाळ्यात इंजिन कुठं तापतं, लांब जाताना टायरमध्ये हवा किती ठेवायची, सगळं त्यांना तोंडपाठ. टाउनशिपमध्ये चार जणांनी त्यांच्या सल्ल्यानं पथिक घेतली आणि चौघंही खूश होते. एक जण लडाखला जाऊन आला. त्यानं तिथून पाठवलेला फोटोही फाइलला लागला.

शोरूमची गोष्ट मी स्वतः पाहिलेली. पाच-सहा वर्षांनी खरोखरच बदललेली पथिक आली आणि वहिनींनी आग्रह धरला की निदान बघून तरी येऊ. मी बरोबर होतो. वहिनी सरळ जाऊन मागच्या सीटवर एका बाजूनं बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "छान आहे की!" खानझोडे गाडीभोवती तीनदा फिरले, वाकून, गुडघ्यावर बसून. त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, आज जमतंय. तेवढ्यात त्यांनी विक्रेत्याला विचारलं, "ये आख़िरी है ना? इसके बाद तो कुछ नहीं आ रहा?"

तो पोरगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "सर, सुना तो है कि अगले साल पाँच गियर वाली आएगी. पक्का नहीं है."

खानझोड्यांनी पट्टी खिशात ठेवली. "चल शालू," म्हणाले.

वहिनी उतरल्याच नाहीत. "मी इथंच बसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाच गिअरची आली की हाक मारा." शोरूममधली माणसं हसली, आम्हीही हसलो. पण त्या चांगला पाव तास बसून राहिल्या, आणि शेवटी मीच त्यांना हात दिला.

त्यानंतर केव्हातरी मला दिसलं की लहान हेल्मेट खुंटीवर नाही. ते स्वयंपाकघरात होतं, आणि त्यात लसूण ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, "हवा लागते, कोंब येत नाहीत."

खानझोड्यांना बायकोची पर्वा नव्हती असं कुणी समजू नये. उलट सगळी अडचण त्या पर्वेतूनच आलेली. स्वतःसाठी ते कसल्याही गाडीवर बसून कन्याकुमारीपर्यंत गेले असते. पण शालूला घाटातून न्यायचं तर त्यांना गाडीत एकही खोट नको होती. त्यांनी कंपनीला मागच्या सीटसाठी पाठीच्या टेक्याचं एक ड्रॉइंग करून पाठवलं होतं, तीन बाजूंनी, मापांसहित. उत्तरादाखल आभाराचं छापील कार्ड आलं. तेही फाइलला.

आता माझ्या पापाचं सांगतो. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. पाच गिअर येऊन गेले होते, पुढचा ब्रेक सुधारला होता, बटणानं सुरू होणारी पथिक आली होती. तक्त्यातली अपेक्षित बदलांची बाजू जवळजवळ रिकामी झाली. एका सकाळी ते खिडकीशी आले आणि ड्रॉइंग मागायच्या आधी म्हणाले, "कुलकर्णी, मी गाडी बुक करतो आहे. रजेचा अर्ज टाकला. आधी परतवाडा, मग पुढचं पाहू." मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, चहाचा ग्लास त्यांच्या हातात देत मी म्हणालो, "घाई करताय साहेब. पुढच्या पथिकला मागं टेका येतोय असं ऐकलं मी."

मला वाटलं, ते हसतील. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"कुठं ऐकलं?"

"इंदूरहून एक जण आला होता, तो सांगत होता."

इंदूर नाही, माणूस नाही, काही नाही. निव्वळ थाप. तिथल्या तिथं 'अहो, गंमत केली' म्हणालो असतो तर मामला मिटला असता. पण तेवढ्यात मागं रांग लागली आणि ते निघून गेले. संध्याकाळी कळलं की रजेचा अर्ज मागं घेतला. दुसऱ्या दिवशी मी सेक्शनमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. आठवड्याभरानं त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही, आणि तोवर खरं सांगायची हिंमत माझ्यात राहिली नव्हती. वहिनी कुंपणापाशी दिसल्या की मी आत जाऊ लागलो.

टेका काही आला नाही. खानझोडे निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि कोलार रोडला स्वतःच्या घरात राहायला गेले. त्यानंतर वर्षभरातच मासिकात चार ओळींची बातमी आली की कंपनीनं पथिक बंद केली.

आम्ही नवरा-बायको त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. खानझोडे मांडीवर फाइल घेऊन बसले होते. "म्हणजे शेवटची रिव्हिजन कोणती ते आता कळलं," ते मला म्हणाले. "मागच्या वर्षीची. तीच घ्यायला हवी होती. पण आता दुकानात शिल्लक नाही. चौकशी केली मी."

वहिनी चहा घेऊन आल्या. चौकटीचा आधार घेत, एकेक पाय टाकत. ट्रे ठेवून त्या खुर्चीत टेकल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, पण त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, मला नवी गाडी कधी पाहिजे होती जी? तुम्ही मला पाहायला आले, तेव्हाच्या गाडीला तर आरसा पण नव्हता. मला परतवाड्याला जायचं होतं, तुमच्या मागं बसून. एवढंच होतं ना? इतकी वर्षं मी हेल्मेटात लसूण ठेवते आहे. आता डॉक्टर म्हणतात, दोन्ही गुडघे बदला. त्यानंतर गाडीवर पाय टाकता येईल की नाही, ते सांगत नाहीत. तुम्ही सांगता का?"

माझी बायको चहाकडे बघत राहिली. मला ते सहन झालं नाही आणि मी सांगून टाकलं. टेक्याची बातमी खोटी होती, इंदूरचा माणूस खोटा होता, माझ्यामुळं तुमची तीन-चार वर्षं गेली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. "तुम्ही नसतं सांगितलं भाऊजी," त्या म्हणाल्या, "तर यांनी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं."

खानझोडे फाइल मिटत म्हणाले, "तुम्ही इश्यू केलं, कुलकर्णी. पण तपासायचं काम माझं होतं."

मग ते बराच वेळ वहिनींच्या गुडघ्यांकडे बघत बसले. आम्ही उठलो तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

चौथ्या दिवशी ते आमच्या क्वार्टरवर आले, हातात कागदाची गुंडाळी. भोपाळातल्याच जहांगीराबादेत लतीफ मियाँ म्हणून एक मिस्त्री होते. त्यांच्याकडे अगदी पहिल्या सालातली पथिक ताडपत्रीखाली पडून होती. ती खानझोड्यांनी घेतली होती. चार गिअर, किकवर सुरू होणारी, पुढचा ब्रेक जेमतेम. ज्या गाडीला त्यांनी तक्त्यात पहिल्याच ओळीत नापास केलं होतं, तीच. त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली. डाव्या बाजूला खाली दुमडून सोडायची पायरी, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यानं चढता येईल. मागं टेका. मापं, वेल्डिंगच्या खुणा, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. कोपऱ्यात नाव, तारीख, आणि रिव्हिजनच्या चौकोनात शून्य.

"इश्यू करा," ते म्हणाले.

घरी माझ्याकडे शिक्का कुठला असणार? मी पेन काढलं. सही करण्याआधी मात्र राहवलं नाही. विचारलं, "शेवटची आहे ना?"

"पहिली आहे," खानझोडे म्हणाले. "सुधारणा रस्त्यात करू."

त्यानंतरही खानझोडे मला पुष्कळदा भेटले. आता ते नाहीत. पण डोळ्यासमोर येतात ते त्या सकाळचे. थंडीचे दिवस होते. कोलार रोडवरच्या घरासमोर गाडी उभी, मागं दोन पिशव्या बांधलेल्या. लतीफ मियाँ स्वतः आले होते, सगळे नट पुन्हा एकदा आवळून बघत होते. वहिनींनी माझ्या बायकोनं शिवून दिलेला सलवार-कुडता घातला होता, जन्मात पहिल्यांदा, आणि त्या लाजत होत्या. फाटकाशी येऊन त्यांनी हेल्मेट उलटं करून झटकलं, घातलं, आणि नाक मुरडलं. मग पायरीवर पाय ठेवला. एकदा थांबल्या, दात आवळले, आणि दुसरा पाय पलीकडे टाकला. खानझोडे पुढं पुतळ्यासारखे बसले होते. त्यांनी गाडी सुरू केली.

आणि लतीफ मियाँना तेव्हाच आठवलं. "अरे ख़ाँ, एक बात तो बताई ही नहीं! सुना है कंपनी पथिक फिर से निकाल रही है. नया इंजन. पीछे टेक भी दे रहे हैं इस बार."

खानझोड्यांनी इंजिन बंद केलं.

वहिनींचा हात खानझोड्यांच्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढला नाही, दाबलाही नाही.

"कब?" खानझोड्यांनी विचारलं. तोच खिडकीतला आवाज.

"साल-डेढ़ साल में. पक्की ख़बर है, क़सम से."

खानझोड्यांनी उजव्या हाताचा आरसा जरासा वळवला. रस्त्याकडे नाही, मागं बसलेल्या बाईकडे. तिचा चेहरा नीट दिसेपर्यंत ते तो हलवत राहिले.

"आ जाए तो देख लेना, लतीफ मियाँ," ते म्हणाले. "हम ज़रा परतवाडा होकर आते हैं."

पहिली किक वाया गेली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तीसच्या पुढं गेले नसतील, पण वळणापर्यंत थांबले नाहीत, आणि वहिनींनी मागं वळून पाहिलं नाही. फाटकापाशी लसणाची सालं तेवढी पडली होती.